हिरव्या अक्षरांचे पुस्तक

एक वस्तू दुसऱ्या वस्तूत बसत नाही, हे माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात कधी मान्य केले नाही. तीन पिनांचा प्लग दोन भोकांत, एका कुकरची शिट्टी दुसऱ्या कुकरवर, सासऱ्यांच्या चष्म्याची काच सासूबाईंच्या फ्रेममध्ये, असे सगळे त्यांनी बसवून दाखवले होते. तो चष्मा लावून सासूबाई पाटावर बसायला गेल्या आणि पाटाच्या शेजारी बसल्या, तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, "काच बसली ना? नजर बसायला थोडा वेळ लागेल." पाटबंधारे खात्यात ते कारकून होते, जळगावात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, आणि धरायला, उचलायला व 'हो' म्हणायला त्यांना हक्काचा माणूस म्हणजे मी. "बठ्ठं व्हई जाई, भाऊ," म्हणजे सगळे होऊन जाईल, असे ते म्हणाले की आपला तो रविवार गेला, हे मला कळून चुकले होते.

नव्वदचे दशक संपत आले असताना त्यांनी एक पुस्तक बसवायला घेतले. शाळेत त्यांना मराठी शिकवणाऱ्या बाई निवृत्त होऊन धुळ्याला एकट्याच राहत. डोळे अधू होत गेले आणि छापील अक्षर दिसेनासे होऊन त्यांना दोन वर्षे झाली होती. कागदाचा पांढरा रंगच डोळ्यांत घुसतो, म्हणायच्या. एकदा साडू त्यांना घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले, तर बाईंनी मीटरवरचे लाल आकडे चष्म्याशिवाय घडाघडा वाचले. साडू मिळेल त्या बसने जळगावला परतले. थेट माझ्या दारात येऊन म्हणाले, "काळ्यावर उजेडाचं अक्षर दिसतं त्यांना."

नवे कॉम्प्युटर पांढऱ्या पडद्याचे, ते उपयोगाचे नव्हते. साडूंनी बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या लिलावातून काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटवणारे जुने धूड आणले आणि त्यात मराठी दाखवणारे कार्ड बसवले. पुस्तक मिळाले ते टाइपसेटिंगच्या दुकानातून. ते एका निवृत्त वनरक्षकांनी सातपुड्यातल्या आपल्या दिवसांवर लिहिले होते. फाइल द्यायला त्यांनी खुशीने होकार दिला. पण कॉम्प्युटर अक्षरे आकड्यांनी ओळखतो, आणि दुकानातल्या फाइलीत प्रत्येक अक्षराचा आकडा एक, तर जुन्या यंत्रात दुसराच. शिवाय फाइल लहान फ्लॉपीवर आणि आमच्या यंत्राला खाच मोठ्या फ्लॉपीची. दोन्ही खाचांचा कॉम्प्युटर एका क्लासमध्ये होता. तिथले सर दुपारी जेवायला गेले की साडू त्यांच्या खुर्चीत बसत आणि आकडे बदलून फाइल मोठ्या फ्लॉपीवर उतरवत. मग रविवारी मी छापील पुस्तक धरून बसायचे आणि त्यांनी पडद्यावरून वाचायचे. रफार अक्षराच्या डोक्यावरून उतरून मागे उभा राही, पहिली वेलांटी एक थांबा आधीच उतरे. सूर्याचा 'सूयर्' झाला, कवितेची 'किवता' झाली. दोनशे पानी वहीत साडू एकेक चूक लिहीत आणि मी जांभया देत असे.

एका रविवारी मी न राहवून म्हणालो, "हे छापील पुस्तक इथे माझ्या हातात आहे. बाईंजवळ बसा आणि वाचून दाखवा. चार दिवसांत संपेल."

साडूंनी वहीतून मान वर केली नाही. "वाचून दाखवणं वेगळं, भाऊ. त्यांना वाचायचं शे."

तीन प्रकरणे झाल्यावर आम्ही ते धूड एसटीने धुळ्याला नेले. पारोळ्यापर्यंत पडदा माझ्या मांडीवर होता. त्यानंतर मांडी आहे की नाही ते कळत नव्हते. पडद्यावर एका वेळी चारच मोठ्या ओळी येत. बाई वाकून बसल्या, आणि पहिल्याच ओळीत 'पिरसर' आला. साडू यंत्र बंद करायला धावले.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "साठ साठ वह्या तपासल्यात मी. परिसर. पुढचं बटण कुठलं?"

त्या दुपारी त्यांनी अकरा पाने वाचली, चुका सुधारत, मोठ्याने. नंतर चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. चहा काही झाला नाही.

यंत्र त्यांच्याकडेच ठेवले. महिन्याला एक प्रकरण घेऊन साडू धुळ्याला जात आणि मला नेत. चुका कमी होत गेल्या. पण नवव्या प्रकरणाला बाई म्हणाल्या, "चार ओळी एकमेकींत मिसळतात रे." साडूंनी दोन ओळी केल्या. अकराव्याला एक ओळ. तेराव्याला एका पडद्यावर एकच शब्द, आणि तो वाचून बाई पुढचे बटण दाबत तोवर मागचा विसरत. शेवटच्या, चौदाव्या प्रकरणाच्या वेळी साडूंनी अख्ख्या पडद्यावर एकच अक्षर आणले होते, तळहाताएवढे. बाईंचे नाक काचेला टेकले.

"म का भ?" त्यांनी विचारले.

तो 'स' होता. साडूंनी उजेडाचे बटण फिरवले. ते आधीच शेवटपर्यंत फिरलेले होते. मी पिशवीतून छापील पुस्तक काढून साडूंच्या हातात दिले. या वेळी त्यांनी ते घेतले.

"मी वाचू का, बाई?"

"तू? तुला धडा वाचायला उभं केलं की वर्ग हसायचा."

"हो, बाई."

बाईंनी खुर्ची पडद्याकडून त्यांच्याकडे वळवली. "वाच."

साडू अडखळत वाचू लागले. एवढी वर्षे फायलींवर शेरे लिहिणारा माणूस, पण ओळीवर बोट ठेवून वाचत होता. मध्येच बाई म्हणत, "'श' आहे तो, 'स' नव्हे," आणि साडू ते वाक्य पहिल्यापासून घेत. चार पाने झाली तेव्हा पाच वाजले होते आणि अजून सतरा उरली होती. आमची बस साडेपाचची होती. मी घड्याळ पाहिले, पाय पसरले आणि भिंतीला पाठ टेकली.