काहीच नको म्हटल्यावर

‘आम्हाला काही नको, तुम्हाला तुमच्या मुलीला जे काय द्यायचं असेल ते द्या,’ हे वाक्य कानावर पडलं की मला त्या बैठकीतून उठून जावंसं वाटतं. याच्याइतकं हावरट वाक्य आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरं नसेल. सरळ मागणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. हा मात्र नको म्हणून मोठेपणा घेतो, आणि या ‘काही नको’त फ्रिज बसतो की गाडी, याचा अंदाज बांधत मुलीच्या बापाला झुरत ठेवतो.

माझ्या लग्नात माझ्या सासरच्यांनी हेच म्हटलं होतं. त्यावर माझ्या आईने दिवाण, आलमारी, कूलर आणि जावयाला मोटारसायकल दिली आणि पुढे कित्येक वर्षं त्यांना शिव्या दिल्या. मीही त्यात मनापासून सूर मिसळायची. म्हणून धाकट्या भावाचं जमवायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, आपल्या घरी तरी हा तमाशा होणार नाही. कसचं काय! भाऊ राळेगावला कृषी केंद्रात कामाला. त्याच्या मोबाइलवर मुलीच्या फोटोआधी गाडीचा फोटो आलेला. आणि आई म्हणाली, “आपण देल्लं न? मंग आपल्यालेही आलंच पाह्यजे.” म्हणजे लुटलं एकाने आणि वसूल करायचं भलत्याकडूनच.

मुलगी केळापूर तालुक्यातली, कापूस-तुरीची शेती असलेल्या घरची. यवतमाळला नर्सिंग शिकत होती. पाहायला गेलो तेव्हा रीतीप्रमाणे मला, म्हणजे मुलाच्या बहिणीला, तिच्याशी बोलायला आत पाठवलं. बोलायला म्हणजे चालते कशी, ऐकू नीट येतं का, केस खरे आहेत का, ते बघायला. बैल विकत घेतानाही माणसं जरा लाजून दात बघतात. मी तिला एवढंच विचारलं, “पुढं शिकशीन न?”

ती आलूपोह्यांवर सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकत होती. खाली बघूनच म्हणाली, “शेवटचं वर्ष राह्यलं, ताई. पण बाबा म्हणतात, फी भरली तं गाडी होत नाही, आन् गाडी घेतली तं फी होत नाही.”

गाडीचा शब्द आमच्यापैकी कोणी अजून तोंडातून काढला नव्हता. सोयरीक आणणाऱ्या मध्यस्थाने तो आमच्याआधीच त्या घरात पोचवला होता. माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन बसले तर मुलीचे वडील हात जोडून विचारत होते, तुमची अपेक्षा काय. आईने तोंड उघडलं, “आमाले काही नको, तुमी तुमच्या पोरीले...” मी तिला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. म्हटलं, “काका, खरंच काही नको. गाडी नको, सोनं नको, आलमारीही नको. हिची फी भरा. वर्ष पूर्ण झालं की लग्न करू.”

घरी आल्यावर कडाक्याचं भांडण झालं. एक चमचा जरी घेतलात तरी मी मांडवात पाय ठेवणार नाही, असं मी सांगून टाकलं. थोरली बहीण लग्नाला नाही म्हणजे चार लोकांत नाक जाणार, म्हणून आई गप्प बसली. भावाने बोलणं टाकलं. मला त्याचं काहीही वाटलं नाही. मुलीचं वर्ष वाचलं होतं.

मग मुलीकडची माणसं राळेगावात फिरायला लागली. कृषी केंद्राच्या मालकाला विचारलं, पोरगा पितो का. पानठेल्यावर विचारलं, बाहेर काही लफडं आहे का. डॉक्टरच्या कंपाउंडरला विचारलं, फिट येते का. शेवटी वडील स्वतः लोहाऱ्याला माझ्या घरी आले. दिलेलं पाणीही न पिता म्हणाले, “ताई, खरं सांगा. पोट्ट्यात काय खोट आहे?”

“काहीच नाही, काका.”

“मंग काही मांगत काहून नाही?”

मी भडकले. म्हटलं, मागतात त्यांच्यात खोट असते. ते शांतपणे म्हणाले, “तुमचं बराबर आहे. पण भावकी इचारून राह्यली मले. म्हनते, फुकट कोन पोट्टं देते? एक तं ते बिघडेल आहे, नाही तं तुमचीच पोट्टी बिघडेल आहे, म्हून गुपचूप उरकून राह्यले. मी कोनाकोनाले सांगू?”

या माणसाला गदागदा हलवावं असं मला वाटलं. पोरीची फी त्याच्या हातात होती आणि तो लुटणारा शोधत माझ्या दारात आला होता!

आईला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. तिने त्यांना फोन लावला, गाडीचं नाव घेतलं, रंगसुद्धा सांगितला. पलीकडे साऱ्यांचा जीव भांड्यात पडला. चौकशा बंद झाल्या, तारीख निघाली, मुलीचं कॉलेज सुटलं. मी लग्नाला गेले नाही. त्याने कोणाचं काहीही अडलं नाही.

आता आईला साखर झाली आहे. रोज इन्सुलिन घ्यावं लागतं आणि स्वतः टोचून घ्यायला ती घाबरते. मागच्या महिन्यात माहेरी गेले तर भाऊ गाडीवर मागे बसवून गावातल्या नर्सबाईंना घेऊन आला. हे रोजचंच आहे म्हणे. भावजय चुलीपाशी उभी राहून बघत होती. मी आईला म्हटलं, “घरात सून आहे न? ती कायले नाही देत?”

आईने बाही वर सरकवली आणि नर्सबाईंसमोरच म्हणाली, “अर्धवट शिकेल आहे ते. तिच्या हातची सुई मी कशी घेऊ, बाप्पा?”