रुसलेला चंद्र

सूर्य व्हायची हौस मला लहानपणापासूनच. तेव्हा मिळाली नाही ती संधी शिक्षिका झाल्यावर मी स्वतःच स्वतःला दिली. हळदीच्या रंगाची साडी नेसून, हात पसरून मी दांडीच्या किनाऱ्यावर उभी राहिले आणि गरजले, "ग्रहांनो, मी जळतेय! जवळ येऊ नका!"

"बाई, सूर्य बाप्या असतो," बुध म्हणाला.

"तू आधी जवळून पळ. भाजशील."

ओहोटीची वेळ होती. समुद्र लांब गेला होता आणि ओल्या वाळूत आभाळ सांडलं होतं. माझे ग्रह त्या आभाळावरूनच चालत होते. शनीने कमरेला सायकलचा टायर अडकवला होता. गुरू मधूनच शेंगदाणे खात होता. दुपार हळूहळू केशरी होत होती, आणि मला खरंच वाटायला लागलं होतं की ही सगळी माझ्याच उजेडाने चमकताहेत.

घोटाळा पृथ्वी आणि चंद्राचा झाला. माझ्या वर्गातल्या या दोन मैत्रिणी, एका बाकावरच्या, एका डब्यातल्या. चंद्र दांडीच्या कोळ्याची मुलगी. पृथ्वीचे वडील बोईसरच्या कारखान्यात. दोघींच्या कमरेला मी होडीची दोरी बांधायला सांगितली होती. हे म्हणजे गुरुत्वाकर्षण. गाठी चंद्रानेच मारल्या. पृथ्वीला मी ताकीद दिली होती, "तू खरं तर स्वतःभोवती गिरक्या घेतेस, पण आज नको. दोरी गुंडाळेल." आणि चंद्राला समजावलं होतं, "तू फिरताना तुझी एकच बाजू पृथ्वीला दिसते. कायम."

चंद्र निघाला तो पृथ्वीकडे पाठ करून.

"अगं चंद्रा, तोंड तिकडे!"

"एकच बाजू दाखवायची ना बाई? मी पाठीची दाखवते."

शास्त्राप्रमाणे तिचं बरोबरच होतं. तेवढ्यात मंगळ माझ्या कानाशी लागला, "बाई, त्यांची कट्टी हाय. परीक्षा झाली की पृथ्वी सोलापूरला जाणार कायमची. चंद्राला ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं."

आता सूर्याने काय करावं? सूर्य जागचा हलत नाही. मी हात पसरूनच उभी राहिले.

पृथ्वी मघापासून त्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत होती. अचानक तिने डोळे मिटले आणि एक गिरकी घेतली. मग दुसरी. दोरी तिच्या कमरेला गुंडाळत गेली, आणि चंद्र टाचांनी वाळू नांगरत उलटा उलटा मागे ओढला जाऊ लागला.

"ए, सोड! बाई, बघा ना हिला!"

"पृथ्वी गिरक्या घेतेच," मी म्हटलं. "माझा इलाज नाही."

शेवटच्या गिरकीला चंद्राची पाठ पृथ्वीच्या छातीवर आदळली.

"टक्कर!" शनी ओरडला. गुरूचे शेंगदाणे सांडले.

पृथ्वी हळूच म्हणाली, "मला सांगताच येत नव्हतं गं."

चंद्राने टाचेने वाळू उकरली.

"दिवाळीत येईन. तुझ्या बाबांच्या होडीत बसायचं राहिलंय."

"ओकशील."

"ओकेन."

चंद्राने मान वळवली. मग खांदे. मग सगळीच वळली. दोघींची नाकं एकमेकींना लागली आणि मी, एवढा मोठा सूर्य, गडबडीने समुद्राकडे बघू लागले. तिकडे खरा सूर्य पाण्यात उतरत होता. बाकीचे ग्रह कक्षा सोडून चपला शोधत होते.

"चला, दोरी सोडा," मी म्हटलं.

चंद्राने गाठीशी बराच वेळ खटपट केली. "नाय सुटत, बाई."

कोळ्याच्या पोरीला स्वतः मारलेली गाठ सुटेना! दोघी तशाच, एका दोरीत, अंधूक वाळूवरून गावाकडे निघाल्या.