दिसतंय, हीसुद्धा कंप्लेंटच!

केबलच्या ऑफिसात काउंटरवर बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, फोनवरून घरपोच येतात. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या ऑफिसात कंप्लेंटचे दोनच प्रकार. पहिला, टीव्हीवर काही दिसत नाही. तो दुरुस्त होतो. दुसरा, टीव्हीवर दिसतंय! त्याचं काय करायचं, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही. लोकांचा पक्का समज आहे की सगळ्या मालिका आणि पिक्चर आमचे मालक लच्छूशेठ काढतात आणि त्यांच्या गोष्टी मी, म्हणजे काउंटरवरची कविता, लिहिते.

*

सावंत आजोबा रिटायर्ड मास्तर. ऐतिहासिक पिक्चर लागला की त्यांचा फोन ठरलेला. एका रविवारी दुपारी आलाच.

"काय चाललंय हे? उद्या लढाई आणि आज सेनापती नाचतोय! बंद करा!"

"आजोबा, पिक्चर आमचा नाही हो. आमची फक्त वायर असते."

"मग वायर बंद करा!"

शेठ बाजूलाच बसले होते. गिऱ्हाईकाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा त्यांचा धंद्याचा नियम. त्यांनी खरंच कॉम्प्युटरवरून आजोबांचा बॉक्स बंद करायला लावला. लगेच पुन्हा फोन!

"अहो, बंद काय केलंत? पुढे अजून किती चुका केल्यात ते मी बघायचं कसं?"

*

बदलापूरकडच्या गावातल्या भोईर काकी. त्यांच्याकडे लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा. मांडव काय, डीजे काय, अख्खा गाव जेवून जातो. एका मालिकेत दोन मुलग्यांचं एकमेकांशी लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच काकींचा फोन. आता शिव्या खायच्या, म्हणून मी कानापासून रिसीव्हर जरा लांबच धरला.

"पोरी, त्या दोन पोरांचा लगीन दाखवलाव ना?"

"हो, काकी."

"बरा केलाव. पन हलद कुठं हाय? ना मांडव, ना नाच, डायरेक लगीन?"

"काकी, बजेट नसेल त्यांचं."

"मंग आमच्या दारान करा!"

*

आमच्याच गल्लीतले कापडवाले भाई मात्र खरोखर तापून आले होते. दोन मुलींच्या प्रेमाची मालिका त्यांच्या घरात रोज चालायची.

"मॅडम, घर में अम्मा बैठती है, बच्चे बैठते हैं. ये सब क्या दिखाते हो?"

चॅनलला लॉक लावता येतं, हे मी त्यांना समजावलं आणि रिमोटवर कसं करायचं तेही शिकवलं. भाई खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी तोंड बारीक करून हजर!

"मॅडम, लॉक खोलो. अम्मा ने रसोई बंद कर दी है. बोलती है, पहले उन दो लड़कियों का फैसला होगा, फिर रोटी बनेगी!"

*

आता आमच्या गायकवाड काकांबद्दल सांगायलाच हवं. आमचे सगळ्यात जुने लाईनमन, राहायला शहाडला. पूर्वी त्यांच्या तोंडात सारखं "आमची शिल्पा, आमची शिल्पा" असायचं. शिल्पा त्यांची एकुलती एक मुलगी, अंबरनाथच्या एका कंपनीत नोकरीला. तिने घरी सांगितलं की मी माझ्या मैत्रिणीसोबत, मनीषासोबत, लग्न केल्यासारखीच राहणार, आणि दोघींनी बदलापूरच्या शिरगावला फ्लॅट घेतला. तेव्हापासून काकांच्या तोंडातलं ते नाव गेलं. दर रविवारी काकू लेकीकडे डबा घेऊन जातात. काका त्यांना स्कूटरवरून बिल्डिंगच्या गेटपर्यंत सोडतात आणि समोरच्या टपरीवर चहा पीत बसतात. वर एकदाही गेले नव्हते. शिल्पा खिडकीतून त्यांना बघते, हे मला काकूंनीच सांगितलं. ऐकून मला फार वाईट वाटलं होतं.

शेठना यातलं काही माहीत नव्हतं. एकदा ऑफिसात त्या दोन मुलींच्या मालिकेचा विषय निघाला, तर शेठ म्हणाले, "लड़की-लड़की शादी करे, अपने को क्या? लेकिन एक घर में रहेंगी तो अपना एक बॉक्स कम!"

सगळे हसले. काका अर्धा चहा ठेवून बाहेर गेले. मी शेठना कानात सगळं सांगितलं. शेठचा चेहरा पार उतरला. त्यांनी दोन चहा घेतले, बाहेर जाऊन एक काकांच्या हातात दिला आणि विचारलं, "गायकवाड, बेटी कैसी है?"

"बरी असेल," काका म्हणाले.

"असेल क्या? जाके देख ना!"

*

त्याच आठवड्यात काका शहाडला एका घरी बॉक्स बदलायला गेले. टीव्हीवर नेमकी तीच मालिका. घरातल्या बाई काकांवरच घसरल्या, "असलं दाखवता, लाज नाही वाटत? तुम्हाला मुलगी असती म्हणजे कळलं असतं!"

काका म्हणाले, "आहे ना. मोठी हुशार आहे. अंबरनाथला कंपनीत आहे."

हे काकांनी मला स्वतः येऊन सांगितलं. आणि म्हणाले, "कविता, आधी शेठनी, आता त्या बाईने. किती दिवसांनी कुणीतरी पोरीबद्दल विचारलं गं!"

मी म्हटलं, "काका, तिने विचारलं नव्हतं, ती भांडत होती."

"असू दे," काका म्हणाले.

*

आणि मग तो फोन आला. रविवार नव्हता, काही नव्हतं. "कविताताई, शिल्पा बोलतेय. टीव्ही बंद पडलाय. कुणालातरी पाठव ना."

शिरगावची लाईन बघणारा माणूस त्या दिवशी रजेवर. मी हळूच शेठना सांगायला गेले, पण काकांनी ऐकलंच. त्यांनी बॅग उचलली.

शेठ घाईघाईने म्हणाले, "रुक, गायकवाड. दूसरे को भेजता हूँ."

"माझ्या पोरीचा टीव्ही बंद आहे. दुसरा कशाला?" असं म्हणून काका गेलेसुद्धा.

दुपार गेली, संध्याकाळ झाली, काकांचा पत्ता नाही. शेठ गल्ल्यावर बसून सारखे दाराकडे बघत होते. मला तर कुणाचाच फोन घ्यावासा वाटेना. घरात भांडण झालं असेल का, काका परत गेटवरूनच फिरले असतील का, नाही नाही ते मनात येत होतं. शेवटी काका आले. बॅग खाली ठेवली, घटाघटा पाणी प्यायले.

शेठनी विचारलं, "क्या बिगड़ा था?"

"काही नाही हो. दोघींचं भांडण. शिल्पाला मालिका बघायची होती, मनीषाला ऐतिहासिक पिक्चर. ओढाओढीत बॉक्सची पिनच निघाली. मी जोडली, तर पुन्हा भांडण सुरू! मलाच म्हणाल्या, तुम्हीच सांगा काय लावायचं."

"फिर? बेटी का साइड लिया ना?"

"छे! अख्खा पिक्चर बघून आलो," काका म्हणाले. "पहिल्यांदाच घरी गेलो शेठ, जावयाचा मान नको राखायला?"