एकेचाळीस अंगठ्यांचा जबाब

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते, कारण माझ्या नोकरीत पहिल्यांदाच एकेचाळीस संशयित रांगेत उभे होते आणि प्रत्येकीला गुन्हा कबूल करण्याची घाई झाली होती.

तेव्हा मी धुळ्याहून बदली होऊन जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आलो होतो. गावाचं, शाळेचं, कुणाचंही नाव लिहीत नाही. त्या मुली आता आपापल्या कामाला लागल्या आहेत, त्यांना उगाच त्रास नको.

शाळा खासगी, फक्त मुलींची. वसतिगृह नव्हतं. अकरावी-बारावी आणि सोबत मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करून घ्यायचे. निम्म्या मुली गावातल्या व्यापाऱ्यांच्या घरातल्या, निम्म्या सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यांतून पहिल्या एसटीने येणाऱ्या.

जानेवारीतला मंगळवार होता. मी ठाण्यात ड्युट्या वाटत होतो, तेवढ्यात गावातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याचा फोन आला. शेठ शाळेच्या कमिटीवर होते.

"साहेब, शाळेतलं अंगठ्याचं मशीन चोरीला गेलं. मीच दान दिलेलं. माझं नाव होतं त्यावर."

"मशीनची काळजी आहे की नावाची, शेठ?"

"दोन्हीची, साहेब. चोर पकडा."

हे मशीन म्हणजे हजेरीचं यंत्र. मुलीने दारात अंगठा टेकवायचा, ठसा जुळला की हजर. शनिवारी त्यातून वर्षभराच्या हजेरीची यादी काढायची होती. जिची हजेरी कमी, तिला बारावीच्या परीक्षेला बसू द्यायचं नाही, असं मुख्याध्यापिकाबाईंनी आधीच जाहीर केलं होतं.

मी लेखी तक्रार घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि आमच्या हवालदारबाईंना घेऊन शाळेत गेलो. मुली अल्पवयीन असतील तिथे वर्दीत जायचं नसतं, म्हणून साधा शर्ट घातला होता. फाटकातच दोन वेण्यांची एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "पोलीस." मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, "साहेब, पुढच्या वेळी वर्दीचे लाल बूटही बदला." हवालदारबाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. त्या चपला घालून आल्या होत्या.

पंचनाम्यात पहिलीच गोष्ट खटकली. मशीन भिंतीवरून नीट काढलं होतं आणि त्याचे चारही स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून खिडकीत ठेवले होते. परत लावताना शोधायला लागू नयेत, अशा बेताने. इतका व्यवस्थित चोर मी पाहिला नव्हता.

फाटकाबाहेर पेरू विकणाऱ्या एक अक्का बसायच्या. पोलिसाने कुठल्याही गावात आधी अशा माणसाशी ओळख करून घ्यावी. मी पेरू घेतला. अक्कांनी मीठ लावून दिला आणि न विचारताच म्हणाल्या, "चोरी व्हयनी, तरी बठ्ठ्या पोरी हासी राहिन्यात. चोर बाहेरना नई शे, साहेब."

त्यांचं निरीक्षण खरं होतं. सगळ्या मुली हसत होत्या, म्हणजे चोर आतलाच.

दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेला शेजारी बसवून मी ग्रंथालयात बारावीच्या मुलींची विचारपूस सुरू केली. पहिली आली आणि बसायच्या आत म्हणाली, "मी नेलं."

"कुठे आहे?"

"विहिरीत टाकलं."

दुसरी म्हणाली, "ती खोटं बोलते. मीच नेलं, भंगारवाल्याला दिलं." तिसरीने म्हणे एसटीच्या टपावर ठेवून थेट चोपड्याला पाठवलं होतं. चौथीला मी विचारलं, स्क्रू कशाने काढले? ती जराही न अडखळता म्हणाली, "दातांनी." वर्गशिक्षिका खिडकीबाहेर बघत हसू दाबत होत्या. अट्टल गुन्हेगार नाही म्हणतो, तेव्हा त्याला हो म्हणायला कसं लावायचं हे आम्हाला शिकवलेलं असतं. सगळेच हो म्हणतात तेव्हा काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. सातवीनंतर मी वही मिटली.

मग वर्गाची मॉनिटर आत आली. तीच दोन वेण्यांची, शेठजींची मुलगी.

"सर, एकेकीला विचारून तुमचा दिवस जाईल. आमचा एकत्र जबाब घ्या." तिने एक मोठा कागद टेबलावर ठेवला. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मशीन आम्ही नेलं.' खाली एकेचाळीस अंगठे, निळ्या शाईचे, प्रत्येकाखाली नाव.

"मी असं काही मागितलं नव्हतं," मी म्हणालो. "तुमचे ठसे घ्यायचा मला अधिकारही नाही."

"तुम्ही घेतले नाहीत, सर. आम्ही दिले."

बारावीच्या मुली सही करू शकतात. मग अंगठे का? गंमत म्हणून, असं समजून मी कागद घेऊन ठाण्यात आलो. पण ठसे समोर असले की पोलिसाचा हात आपोआप भिंगाकडे जातो. अडतीस ठशांवर रेषा स्वच्छ उमटल्या होत्या. तीन ठसे नुसते निळे डाग होते. शाई कमी-जास्त झाली असेल म्हणून मी पुन्हा पाहिलं. शाई सारखीच होती. त्या तीन अंगठ्यांवर रेषाच नव्हत्या.

मी कागद हवालदारबाईंकडे सरकवला. त्यांनी भिंग घेतलंच नाही.

"कापसाची बोटं आहेत ही, साहेब. वेचणीला बोंडाची टोकं रोज टोचतात, कातडी घासून गुळगुळीत होते. मी भरती झाले तेव्हा माझा ठसा तीनदा घेतला होता. तो साहेब मला म्हणाला, बाई, हात धुऊन या."

तिन्ही नावं पायथ्याच्या खेड्यांतल्या मुलींची होती. सुट्टीच्या दिवशी आणि एरवी शाळेतून परतल्यावर त्या वेचणीला जायच्या. शाळेत रोज वेळेवर यायच्या, अंगठा टेकवायच्या, मशीन म्हणायचं 'पुन्हा प्रयत्न करा'. त्या खोबरेल लावायच्या, अंगठा केसांवर घासायच्या, तोवर प्रार्थना सुरू व्हायची. मशीनच्या लेखी त्या गैरहजर.

गुरुवारी मी मॉनिटरला समोर बसवलं. "मशीन कुठे आहे?"

"आधी तुम्ही सांगा, सर, कागदात काय दिसलं?"

मी सांगितलं. तिने मोठा श्वास सोडला. "आम्ही तीन अर्ज दिले. मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, यंत्र खोटं बोलत नाही, मुली बोलतात. शनिवारी यादी लागली असती आणि ह्या तिघी घरी बसल्या असत्या. एकीचं तर घरचे लग्नच लावायला टपलेत. आमच्या सह्या तुम्ही वाचल्या नसत्या. पोलीस ठसे मात्र वाचतात."

मी तीस वर्षं लोकांना बोलतं करत होतो. एका सतरा वर्षांच्या मुलीने मला वाचायला बसवलं होतं.

मग तिने जागा सांगितली. मशीन शेठजींच्याच दुकानात निघालं, गादीमागच्या कपाटात, पैठण्यांच्या खोक्यांखाली. शेठनी ते हातात घेऊन आधी त्यावरचं नाव शाबूत आहे का ते पाहिलं.

"म्हणजे मी तीन दिवस चोरीच्या मालाला पाठ टेकून तुम्हाला फोन करत होतो?"

"दिवसातून चारदा, शेठ."

"आणि चोर घरचा."

"पप्पा, तुम्हीच म्हणता ना, दिलेल्या वस्तूची काळजी घ्यावी," मुलगी म्हणाली. शेठना रागवायचं होतं, पण हसू आधी आलं.

शुक्रवारी मशीन भिंतीवर परत लावलं. स्क्रू पुडीत होतेच. मी मुख्याध्यापिकाबाईंना दारात उभं केलं आणि त्या तिघींपैकी एकीला बोलावलं. तिने हात धुतले, पुसले, अंगठा टेकवला. 'पुन्हा प्रयत्न करा.' दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मी शे ना मॅडम. आठेच शे." इथेच तर होती ती.

बाई कडक होत्या, वाईट नव्हत्या. त्यांनी त्या मुलीचा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्यावरून बोट फिरवलं. मग वर्गशिक्षिकेला विचारलं, "तुम्ही वहीत हजेरी मांडता का अजून?" वर्गशिक्षिकेने पर्समधून वही काढली. मशीन आल्यावर वहीतली हजेरी बंद झाली होती, म्हणून ती वही त्या लपवूनच ठेवत होत्या. तिघींची हजेरी भरपूर होती. एकीने तर वर्षभरात दोनच दिवस चुकवले होते.

अल्पवयीन मुलीचं किरकोळ प्रकरण, तक्रारदार समाधानी, माल परत. डायरीला तशी नोंद करून मी ते तिथेच संपवलं आणि तो कागद मुलींना परत दिला. मॉनिटरला शिक्षा झाली. वर्ष संपेपर्यंत रोज सकाळी तिने खणखणीत आवाजात सगळ्यांची नावं पुकारायची. शिक्षा भोगताना इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नाही. तिघी परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या. त्यातली एक आज परिचारिका आहे.

हा प्रसंग मी सांगतो तेव्हा लोक हसतात. मीही हसतो. पण त्या शुक्रवारी ठाण्यात परतल्यावर मी जुनी प्रकरणं बाहेर काढायला लावली. जबाबाखाली अंगठा देणारी माणसं, वीटभट्टीवरची, वेचणीची, खडी फोडणारी. त्यांच्या ठशांशेजारी ठिकठिकाणी एकच शब्द होता, 'अस्पष्ट'. मी इथे आल्यानंतरचा तर माझ्याच अक्षरात. आम्हाला तो ठशाचा दोष वाटायचा, कधीकधी त्या माणसाची लबाडीही वाटायची. ज्यांच्या कष्टावर हे गाव उभं होतं, त्यांची ओळख आम्ही एका शब्दात पुसून टाकत होतो आणि त्याला नियम म्हणत होतो.

निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात एक सूचना पाळली गेली. ठसा उमटला नाही तर 'अस्पष्ट' लिहून थांबायचं नाही. ते हात काय काम करतात ते विचारायचं, आणि तेही लिहायचं.