रोजचा एक जीव

लग्नाच्या हॉलमध्ये, जेवणाच्या रांगेत, आमचा नितीन मोबाइलवर तीन-तीन आंबे जुळवून फोडत होता. हा तोच नितीन, ज्याच्या खेळातल्या बंदुकीला कॉलेजजवळचं अख्खं सायबर कॅफे चळाचळा कापायचं. वाघाला गवत खाताना पाहावं, तसा मी पाहत राहिलो.

"नित्या, लाज वाटते का?"

"वेळ जातो रे," तो मान वर न करता म्हणाला.

त्या कॅफेत आमची एक रीत होती. गेममध्ये जो मरेल त्याने घरी जायचं नाही. जो जिवंत असेल त्याच्या खुर्चीमागे उभं राहून त्याला सल्ले आणि शिव्या द्यायच्या. तसे मोठे गेम आजही निघतात, पूर्वीपेक्षा देखणे निघतात. या आंब्यांनी त्यांचं काही बिघडणार नाही. पण त्यांना अख्खी दुपार द्यावी लागते, आणि खुर्चीमागे माणूस लागतो. निदान मला तरी लागतो.

"रविवारी ये ना. नवा कॉम्प्युटर घेतलाय."

"आता एवढा वेळ बसवत नाही रे. त्यापेक्षा तूच हा गेम घे. रोज एकमेकांना एक जीव पाठवता येतो. माझे सारखे संपतात, आणि जीव संपले की खेळ अडतो."

मी घेतला. आता सकाळी चहा पिता पिता मी नितीनला एक जीव पाठवतो, आणि दुपारपर्यंत त्याचाही येतो. फोन आम्ही करत नाही. संध्याकाळपर्यंत त्याचा जीव आला नाही, तर मात्र मला जेवण जात नाही.