संगमाच्या पाण्याचा रंग

काल नरसिंहपूरला दोन नद्यांच्या संगमावरच्या घाटावर उतरले आणि नदीच्या कुजक्या वासानं नाकाला रुमाल लावला. शाळेत असताना याच पायऱ्यांवर चित्रकलेच्या सरांनी आम्हाला दाखवायला येशूच्या बाप्तिस्म्याची तीन चित्रकारांची चित्रं पसरली होती. एकात पाण्यात उभ्या येशूभोवती नदी काचेसारखी, दुसऱ्यात काळोख आणि खांद्यावर तेवढा उजेड, तिसऱ्यात नुसते निळे फटकारे. तीर्थ न्यायला आलेल्या एका बाईनं वाकून पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. "हे आपल्या संगमाचं पाणी. पाय दिसत्यात बघा."

"व्हय, मावशी," सर हसून म्हणाले.

काल तिथंच एक बाई फेस बाजूला सारून तांब्या भरत होती. शिसारी येऊन मी मागं सरले. "तीर्थाला नगं म्हणू न्हाय, ताई," म्हणत तिनं माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. कोमट, चिकट. त्याखाली मला माझ्या हातावरच्या रेषा दिसेनात.