चहा झाला का?

शेळ्या त्या दिवशी दुपारीच घरी आल्या, मारुतीशिवाय. मी तेव्हाच समजले. माझा हा धाकटा भाऊ जन्मभर धारूरच्या डोंगरात शेळ्या वळत आला; त्यानं त्यांना कधी एकटं सोडलं नव्हतं. गावातली माणसं शोधायला गेली, तर निम्म्या चढावर बाभळीला टेकून बसलेला सापडला... गार झालेला.

मारुती फार चांगला माणूस होता असं मी लिहिणार नाही. तापट होता, हट्टी होता, बायको गेल्यावर कितीतरी दिवस पोराशी धड बोलला नाही. माझ्याकडं मात्र रोज सकाळी यायचा, चुलीपुढं बसायचा, आणि कप हातात पडेपर्यंत तोंड उघडायचा नाही. एकादशीला तर दिवसभर नुसता चहाच. उपाशी माणसाला चहा चालतो, हे आमच्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

चढावर छातीत कळ यायला लागली, तेव्हा त्याच्या पोरानं, बाळूनं, त्याला लातूरच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाला ताण देऊन मशीनवर फोटो काढू. त्यासाठी पट्ट्यावर पळवतात, पण मारुतीचा गुडघा कधीचाच मोडलेला. मग ताण इंजेक्शननं द्यायचं ठरलं. फोनवर एवढंच सांगितलं, सकाळी उपाशी या. बाळूला जमेना, म्हणून मी सोबत निघाले आणि पहाटेच्या एसटीआधी त्याला कपभर चहा दिला.

तिथं नर्सनं विचारलं, "बाबा, चहा झाला का? खरं सांगा, झाला असेल तर हे औषध लागू पडत नाही." तिनं नीट समजावलं. पहिलं औषध हृदयाच्या नसा नुसत्या रुंद करतं, काही मिनिटांत सुटका. पण अंगात चहा असला की ते अडतं. दुसऱ्याला चहाचं वावडं नाही, पण ते हृदयाला निजल्या जागी पळवतं. तेही नको असेल तर उद्या या. शेजारच्या बाकावरच्या माणसाला ते दुसरं औषध पूर्वी एकदा दिलेलं. छातीत मळणीचं मशीन सुरू झाल्यागत वाटलं, असं तो मघाच सांगत होता.

मारुतीनं माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "न्हाई. पाणीबी न्हाई."

मी गप्प बसले...

पहिलंच औषध घेऊन बाहेर आल्यावर तो हसत म्हणाला, "आक्का, जल्मभर शेळ्यांमागं पळालंय हे काळीज, आता निजूनबी पळवू व्हय?" मीही हसले. रिपोर्ट चांगला आला. तो पुन्हा डोंगर चढू लागला, आणि तिसऱ्या आठवड्यात शेळ्या एकट्या आल्या.

तेरावं झाल्यावर बाळू फाईल घेऊन डॉक्टरांशी भांडायला निघाला. मी दारात आडवी झाले आणि सगळं सांगितलं.

"तू कावून बोलली न्हाईस, आत्या?"

"कपभर चहानं काय व्हतंय, आसं वाटलं."

मग आम्ही दोघंच गेलो. डॉक्टर म्हणाले, चहामुळं दोष लपला असेल, नसेलही; आता सांगता येणार नाही. मी दोन्हीतलं एक काहीतरी ऐकायला गेले होते.

बाळू आता रोज सकाळी येतो. बापाच्या जागेवर चुलीपुढं बसतो, शेळ्यांचं सांगतो. मी आधण ठेवते. तो म्हणतो, "मला नगं, आत्या. झालाय माझा."

त्याच्या घरात अजून चूल पेटलेली नसते. माझ्या दारातून समोरच दिसतं. मी काही बोलत नाही.